पालक, शिक्षक आणि तक्रारीची भाषा

पालक आणि शिक्षक यांच्यातील वाद हा विषय साहित्याचे अभ्यासक सहसा आपला मानत नाहीत. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात त्याला एखादे प्रकरण मिळते, शाळेच्या कचेरीत एखादी फाईल मिळते, आणि तेथेच त्याची चर्चा संपते. वस्तुतः ज्या दोघांत हा वाद घडतो ते दोघेही त्याविषयी क्वचितच लिहितात. लिहितो तो तिसराच. ज्याच्यावरून वाद झाला ते मूल मोठे होते, त्याच्या हाती लेखणी येते, आणि मग तीसचाळीस वर्षांपूर्वीचा तो प्रसंग कागदावर उतरतो. त्यामुळे या वादाची खरी कागदपत्रे शाळांच्या दप्तरांपेक्षा भारतीय भाषांतील कथांत, कादंबऱ्यांत आणि आत्मकथनांत अधिक सापडतात. ती शेजारी शेजारी ठेवून वाचली असता एक गोष्ट लक्षात येते. असा वाद कसा मिटतो हे बहुधा बाजू कोणाची खरी यावर ठरत नाही; तक्रार कोणत्या भाषेत आणि कोणाच्या हातून पोहोचली यावर ठरते. हे निरीक्षण खरे असेल तर वाद हाताळण्याचा आपला नेहमीचा मार्ग बदलावा लागेल. न्यायनिवाड्याच्या आधी भाषेची व्यवस्था लावावी लागेल, आणि त्या भाषेचे ओझे मुलाच्या शिरावर येणार नाही याची काळजी घ्यावी लागेल.

आपल्या परंपरेतील या वादाचे सर्वांत परिचित उदाहरण भागवताच्या सातव्या स्कंधात आहे. प्रल्हादाची कथा आपण भक्तीची कथा म्हणून ऐकत आलो. कीर्तनकारांनी ती घरोघर पोहोचवली. पण क्षणभर ती शाळेची कथा म्हणून वाचावी. शुक्राचार्यांचे पुत्र शंड आणि अमर्क यांच्याकडे हिरण्यकशिपूने मुलाला शिकायला ठेवले आहे. मुलगा घरी आल्यावर बाप त्याला मांडीवर घेतो आणि काय शिकलास म्हणून विचारतो. उत्तर अपेक्षेविरुद्ध येते. मुलाची बुद्धी कोणीतरी बिघडवीत आहे असा बापाला संशय येतो. शिक्षक मुलाला परत नेतात, हे तुला कोणी शिकवले म्हणून खोदून विचारतात, छडी मागवतात आणि पुन्हा शिकवू लागतात. दुसऱ्या खेपेस मुलगा तेच बोलतो तेव्हा बापाचा कोप थेट गुरुपुत्रांवर होतो. ते हात झटकतात: हे आम्ही शिकवलेले नाही, दुसऱ्या कोणी शिकवलेले नाही, ही याची उपजत बुद्धी आहे. येथे दोन्ही पक्षांचा सारा रोख दोष कोणाचा हे ठरवण्यावर आहे. मुलगा जे बोलला ते ऐकून घेण्याची गरज दोघांपैकी एकालाही वाटत नाही, आणि वाद संपतो तेव्हा शिक्षक सुटतात, शिक्षा मुलाला होते. कथेतील दैवी भाग वगळला तरी हा सांगाडा आपल्या ओळखीचा आहे. आजही वर्षातून दोनदा भरणाऱ्या पालकसभेत तो पाहायला मिळतो.

महाभारताच्या आदिपर्वात याच्या नेमके उलट घडते. एकलव्य हा निषादराज हिरण्यधनू याचा मुलगा, एवढे व्यास सांगतात. द्रोण शिष्य म्हणून त्याला नाकारतात तेव्हा, आणि पुढे अंगठा मागतात तेव्हाही, हा पिता कोठेच येत नाही. राजा असूनही तो आपल्या मुलासाठी एक शब्द बोलत नाही. किंवा बोलला असेल तर त्याचा शब्द कथेत शिरलेला नाही. एकीकडे ज्याच्या क्रोधापुढे शिक्षक थरथर कापतात असा पिता, आणि दुसरीकडे ज्याचे केवळ नावच उरले आहे असा पिता. पुढील साहित्यातील बहुतेक पालक या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी उभे असलेले दिसतात.

आधुनिक साहित्यातील दोन प्रसंग येथे मुद्दाम एकत्र ठेवतो. पहिला आर. के. नारायण यांच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या इंग्रजी कादंबरीतला. मिशनच्या शाळेत बायबलच्या तासाला एबेनेझर नावाचे शिक्षक हिंदूंच्या देवतांची टवाळी करतात. स्वामीनाथन उलट प्रश्न विचारतो आणि त्याचा कान पिळला जातो. वडील वकील आहेत. ते शाळेत जात नाहीत. मुख्याध्यापकांना पत्र लिहितात. पत्राची भाषा कायद्याच्या जाणकाराची आहे. तीत घडलेला प्रकार नोंदवलेला आहे, आणि बिगरख्रिस्ती मुले शाळेला नको असतील तर तसे कळवावे म्हणजे ती अन्यत्र पाठवता येतील असा गर्भित इशाराही आहे. पत्राची दखल लगेच घेतली जाते. शिक्षकाला समज मिळते. मुख्याध्यापक मुलाला बोलावून एवढेच म्हणतात, की अशा गोष्टीसाठी वडिलांकडे न जाता तू माझ्याकडे यायला हवे होतेस.

दुसरा प्रसंग ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या ‘जूठन’ या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी आत्मकथनातला. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातले बरला हे गाव. मुख्याध्यापक कलीराम या मुलाला वर्गात बसू न देता शाळेच्या खोल्या आणि पटांगण झाडायला लावतो. एक दिवस नव्हे, लागोपाठ. वडील रस्त्याने जाताना हे पाहतात. ते आत येतात, मुलाच्या हातातली झाडू हिसकावून फेकतात आणि ओरडून विचारतात, की माझ्या मुलाला झाडायला लावणारा हा द्रोणाचार्याचा वंशज कोण. मुख्याध्यापक त्यांना शिवीगाळ करून हाकलतो आणि मुलाचे नाव शाळेतून जाते. त्यानंतर बाप गावातल्या प्रतिष्ठितांचे उंबरे झिजवतो. बहुतेकांचे उत्तर एकच, शिकून काय करायचे आहे. शेवटी गावचा प्रधान मध्ये पडतो तेव्हा मुलगा पुन्हा वर्गात बसतो.

दोन्ही प्रसंगांत तक्रार खरी आहे. दोन्हींत मुलाच्या अंगावर आणि मनावर शिक्षकाने हात टाकला आहे. किंबहुना दुसऱ्या प्रसंगातील अन्याय कितीतरी पटींनी मोठा आहे. तरीही वकील बापाच्या मुलाला दुसऱ्याच दिवशी न्याय मिळतो आणि झाडूवाल्या बापाच्या मुलाला आधी शाळा गमवावी लागते. याचे मूळ कारण जात आहे यात शंका नाही. पण जात येथे प्रत्यक्ष काम करते ती भाषेच्या रूपाने, हेही पाहिले पाहिजे. एकाजवळ कागद आहे, लखोटा आहे, मुख्याध्यापकाला समजेल आणि थोडी भीतीही वाटेल अशी इंग्रजी आहे. दुसऱ्याजवळ पश्चिम उत्तर प्रदेशातील खडी बोली आहे आणि स्वतःचा आवाज आहे. पहिल्याच्या रागाला अर्ज म्हणतात, दुसऱ्याच्या अर्जाला आरडाओरड म्हणतात. जी शाळा केवळ लिहिलेली तक्रार ऐकते, ती मुळात ज्यांना लिहिता येते त्यांचेच ऐकते.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. वाल्मीकिंच्या वडिलांनी त्या क्षणी द्रोणाचे नाव घेतले. शाळेची पायरी न चढलेल्या त्या माणसाला महाभारतातील नेमका तोच प्रसंग आठवला. हिरण्यधनूने न उच्चारलेले वाक्य जणू त्याने त्या पटांगणात उच्चारले. लेखकाने पुढे म्हटले आहे की वडिलांचे त्या दिवशीचे धैर्य आपण विसरू शकलो नाही. वाद हरल्यासारखा दिसत असतानाही मुलाला त्यातून काय मिळू शकते, याचे हे उदाहरण आहे. शांतपणे लिहिलेले पत्र हा एकच सभ्य मार्ग, असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मात्र प्रत्येक तक्रार खरी असते असे नाही, आणि याचा दाखलाही पुन्हा नारायण यांच्याकडेच मिळतो. ‘फादर्स हेल्प’ या त्यांच्या कथेत हाच स्वामी सोमवारी शाळा चुकवण्यासाठी डोके दुखत असल्याचे सांगतो. वडील ऐकत नाहीत तेव्हा तो सॅम्युअल मास्तरांच्या क्रूरपणाचे वर्णन करतो. वडील चिडतात, मुख्याध्यापकांच्या नावे पत्र लिहितात आणि ते मुलाच्याच हाती देतात. वाटेत मुलाच्या मनात विचार येऊ लागतात: सॅम्युअल खरेच इतके वाईट आहेत का? पण पत्र तर लिहून झाले आहे. मग पत्र खरे ठरावे म्हणून तो वर्गात मुद्दाम मास्तरांना चिडवतो आणि छड्या खातो. अखेर मुख्याध्यापक रजेवर निघतात आणि त्यांच्या जागी पत्र घ्यायला बसलेले असतात सॅम्युअल स्वतःच. कथा विनोदी आहे. तिच्यावर हसून आपण ती मिटवतो. पण या कथेत वडिलांनी केलेल्या दोन चुका अगदी रोजच्या आहेत. शिक्षकाला एका शब्दाने न विचारता त्यांनी थेट वरिष्ठांकडे धाव घेतली, आणि तक्रार पोहोचवण्याचे काम जो तिचा विषय आहे त्याच्यावरच सोपवले. परिणाम असा की मुलगा आपल्याच सांगण्याचा कैदी झाला. शब्द बदलावा तर बापाचा मार, न बदलावा तर मास्तरांचा. मुले अशा वेळी खोटे बोलतात याचे आपल्याला आश्चर्य वाटते. वास्तविक आश्चर्य वाटावे ते ती इतक्या वेळा खरे बोलतात याचे.

कित्येकदा मूल काहीच बोलत नाही. रवींद्रनाथांच्या ‘गिन्नी’ या कथेतील शिवनाथ पंडित मुलांना मारण्यापेक्षा त्यांना नावे ठेवतात. धाकट्या बहिणीबरोबर बाहुलीचे लग्न लावताना सापडलेला लाजाळू आशू भर वर्गात ‘गिन्नी’, म्हणजे घरधनीण, ठरतो. त्याच्या कानाला काही इजा नाही, पाठीवर वळ नाही. घरी जाऊन दाखवावे असे काहीच नाही. तक्रारीला लागणारे शब्दच ज्याच्याजवळ नाहीत अशा मुलाची ती गोष्ट आहे, आणि ज्या वादांची फाईल कधीच होत नाही ते बहुधा याच जातीचे असतात.

पालक या शब्दाकडेही येथे वळून पाहण्यासारखे आहे. शाळेपुढे उभ्या राहणाऱ्या आईबापांना आपल्या भाषांनी निरनिराळी नावे दिली आहेत. तमिळमध्ये ‘पेट्रोर’, म्हणजे ज्यांनी जन्म दिला ते. मराठीत ‘पालक’, पाळणारा. हिंदीत आणि बंगालीत ‘अभिभावक’. या शब्दाच्या संस्कृत मुळाशी मात करण्याचा अर्थ आहे हे आता कोणाला जाणवत नाही. गुजराती शाळेच्या अर्जावर ‘वाली’ हा शब्द येतो. तो अरबीतून आला आणि मराठीतही आहे. पण मराठीने तो बहुतेक नकारातच वापरला. ‘त्याला कोणी वाली नाही’ असे आपण म्हणतो. वाली असणे म्हणजे मुलाच्या वतीने बोलणारे कोणी असणे. शाळेतील वादाचा पहिला प्रश्न हाच आहे, की या मुलाला वाली आहे का, आणि असेल तर त्याचे बोलणे ऐकले जाईल अशी सोय आहे का.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात एका मुलाला असे दोन वाली मिळाले, आणि त्यांच्या शब्दाने इतिहास बदलला. जोतीराव फुले यांचे वडील गोविंदराव यांनी कारकुनाच्या सांगण्यावरून मुलाला शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले होते. शिकून मुलगा कामाचा राहणार नाही ही भीती त्यांच्या मनात भरवण्यात आली होती. गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. येथे वाद एका शिक्षकाशी नसून शाळा या गोष्टीशीच होता. तो मिटला तो पालकाला न हिणवता त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणाऱ्या शेजाऱ्यांमुळे. गोविंदरावांना अडाणी ठरवून हा प्रश्न सुटला नसता.

पुढे १८८२ मध्ये शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाविषयी ज्या सूचना केल्या त्यांचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला पगार पुरेसा असावा, कोणत्याही परिस्थितीत महिना १२ रुपयांहून कमी नसावा, असे त्यांनी सांगितले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपालाचे काम अशा जबाबदाऱ्या शिक्षकाकडे द्याव्यात, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल आणि ज्या लोकांत तो राहतो त्यांच्यावर त्याचा चांगला परिणाम होईल, असे त्यांचे म्हणणे होते. आज शिक्षकांवर पडणाऱ्या अशैक्षणिक कामांच्या ओझ्याकडे पाहता ही सूचना विचित्र वाटेल. पण तिच्यामागचा विचार वेगळा होता. मुलाच्या तक्रारीच्या निमित्तानेच ज्याची पालकाशी गाठ पडते त्या शिक्षकाशी पालकाचे भांडणच होणार. इतर चार कामांसाठी ज्याच्याकडे आपण जातो त्याच्याशी भांडणे अवघड असते आणि समेट करणे सोपे असते.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीतील तरुण मास्तर नेमके हेच अनुभवतो. धनगरांच्या त्या वाडीत पालकांची तक्रार अभ्यासाविषयी नाहीच. पोरे शाळेत बसली तर मेंढरे कोणी राखायची, ही त्यांची अडचण आहे. मास्तर त्यांना शिक्षणाचे महत्त्व पटवून देत बसत नाही. तो त्यांची पत्रे लिहितो, त्यांच्या अडीअडचणींत धावतो, भांडणांत मध्यस्थी करतो, आणि हळूहळू शाळा भरू लागते. तरीही त्याचे स्थान किती नाजूक आहे हे कारभाऱ्याच्या मुलीवरून उठलेल्या गैरसमजाने उघड होते. एका अफवेने सारी कमाई पणाला लागते. पुढे मराठीत आत्मकथने आली तेव्हा पालकाच्या अडचणीचा आणखी एक पदर समोर आला. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’मध्ये (१९८७) मुलाला शाळेत घातले म्हणून बापाला आपल्याच जमातीचा रोष पत्करावा लागतो, वस्तीतील पोरे आजारी पडली तरी खापर त्या शाळेवर फुटते. असा बाप मास्तरांच्या दारात उभा राहतो तेव्हा तो एक भांडण मागे ठेवून आलेला असतो, ही गोष्ट मास्तरांना ठाऊक असायला हवी.

या साऱ्या उदाहरणांवरून वादांचे दोन प्रकार वेगळे करता येतात आणि ते वेगळे ठेवलेच पाहिजेत. पहिला मुलाच्या आत्मसन्मानाचा. मारणे, टोपणनावे ठेवणे, जातीवरून वा धर्मावरून बोलणे, वेगळे बसवणे, कामाला लावणे हे सर्व त्यात येते. दुसरा अध्यापनाविषयीचा. गुण कमी का, गृहपाठ इतका का, हा धडा असा का शिकवला, मुलाला पुढच्या बाकावर का बसवले नाही, हे प्रश्न त्यातले. पहिल्या प्रकारात पालकाने थांबू नये, वरपर्यंत जावे, आणि समजुतीच्या नावाखाली त्यावर पांघरूण घालू नये. दुसऱ्या प्रकारात शिक्षकाचा शब्द प्रमाण मानून चालावे, शंका असल्यास त्यालाच भेटून विचारावे, आणि उत्तर पटले नाही तरी त्याचा अधिकार मान्य करावा. आपल्याकडे होते ते उलटे. गुरूविषयीच्या आदराची जुनी शिकवण आपण पहिल्या प्रकारात आठवतो आणि गप्प बसतो. अर्ध्या गुणासाठी मात्र मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर रांग लावतो.

कायद्याने या दोन्हींची काही सोय केली आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवले. ‘मानसिक छळ’ हे शब्द कायद्यात आल्यामुळे आशूच्या दुःखाला प्रथमच एक कायदेशीर नाव मिळाले, असे म्हणण्यास हरकत नाही. कलम २१ प्रमाणे शासकीय शाळांसाठी योजलेल्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. कलम २४ ने पालकांना नियमित भेटणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आणि त्याच कलमात शिक्षकाच्या तक्रारीच्या निवारणाचीही तरतूद केली. कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय व्हावा लागतो. तरतुदी चांगल्या आहेत. पण त्यांतील ‘लेखी’ हा शब्द आपल्याला पुन्हा स्वामीच्या वडिलांकडे घेऊन जातो. ज्या बापाजवळ फक्त आवाज आहे त्याचे काय?

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसायला हवी. आज शाळा आणि घर यांच्या भाषा वेगळ्या असण्याचे प्रमाण मोठे आहे. इंदूर, वडोदरा, हैदराबाद किंवा दिल्ली येथील मराठी कुटुंबे हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेत आहेत, आणि मुंबईत पोट भरायला आलेली इतर प्रांतांतील कुटुंबेही. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू व इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते, ही लहान गोष्ट नव्हे. राज्यघटनेत १९५६ साली घातलेल्या ३५० क कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीचा विचार केला. परंतु शाळेशी भांडताना पालकाला कोणती भाषा वापरता यावी, हा विचार कोठेच झालेला दिसत नाही.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील मुलाच्या रोजनिशीत शिक्षिका शेरा लिहिते. शेरा मुलाच्या वागणुकीबद्दल आहे, इंग्रजीत आहे, खाली आईची सही हवी आहे. आईला इंग्रजी वाचता येत नाही. मग तो शेरा वाचून दाखवतो कोण? ज्याच्याविरुद्ध तो आहे तेच मूल. ते त्याचे भाषांतर करते, आणि ते भाषांतर कसे होत असेल याची कल्पना कोणत्याही भाषांतराच्या अभ्यासकाला करता येईल. दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली तर तिचे म्हणणे शिक्षिकेला समजावून सांगायलाही तेच मूल मध्ये उभे राहते. आरोपी, साक्षीदार, निरोप्या आणि दुभाषी या चारही भूमिका आठ वर्षांच्या मुलाला कराव्या लागतात. आईच्या बोलण्यातला राग ते गाळते, शिक्षिकेच्या बोलण्यातला अवमानही गाळते, आणि दोन्ही बाजूंची लाज स्वतःजवळ ठेवते. आपल्या आईला बोलता येत नाही हे त्याला त्या दिवशी कळते. माझ्या मते अशा प्रसंगातील सर्वांत मोठे नुकसान हे आहे, आणि कोणत्याही निर्णयाने ते भरून निघत नाही.

शिक्षकाची बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडली पाहिजे. ‘जूठन’मधील मुख्याध्यापक गावात बलवान होता, आजच्या शहरातील विनाअनुदानित शाळेत चित्र पुष्कळदा उलटे असते. तेथील तरुण शिक्षिका तुटपुंज्या पगारावर, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर काम करते आणि पालक शुल्क भरणारा असल्यामुळे संस्थाचालकांशी थेट बोलतो. पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत तिच्याविरुद्धची तक्रार चाळीस घरांत पोहोचते आणि तिला स्वतःला सर्वांत शेवटी कळते. या ठिकाणी वाली नाही तो शिक्षिकेला. म्हणून सरसकट पालकाच्या बाजूने किंवा सरसकट शिक्षकाच्या बाजूने नियम करणे व्यर्थ आहे. आपल्यापुढील वादात दुर्बळ कोण, हे आधी पाहावे आणि त्याच्या बोलण्याची सोय आधी करावी.

यातून काही व्यवहार्य सूचना निघतात. अध्यापनाविषयीची शंका प्रथम शिक्षकालाच, समक्ष आणि एकांतात विचारावी. वरिष्ठांकडे वा इतर पालकांकडे ती आधी जाऊ नये. आत्मसन्मानाची तक्रार मात्र तोंडी केली तरी लेखी समजली जावी: पालकाने आपल्या भाषेत सांगावी, शाळेने ती त्याच भाषेत उतरून घ्यावी आणि वाचून दाखवून सही वा अंगठा घ्यावा. पोलिस ठाण्यात तोंडी फिर्याद उतरून घेतात. शाळेला तेवढे अवघड नाही. दुभाषी लागला तर तो प्रौढ असावा. शाळेतील शिपाई, शेजारीण, दुसऱ्या वर्गाचे शिक्षक यांपैकी कोणीही चालेल, फक्त ते मूल नको. मुलाचे म्हणणे अवश्य ऐकावे, पण वेगळे, आणि दोघांच्या समोर उभे करून नव्हे. पत्र, शेरा, निरोप यांपैकी काहीही वादाच्या काळात मुलाच्या हाती देऊ नये. आणि प्रकरण मिटल्यावर त्याचा निकाल शिक्षकाने आणि पालकाने दोघांनी मिळून मुलाला सांगावा, म्हणजे कोण जिंकले याचा अंदाज बांधत बसण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.

या सूचनांमागील वृत्ती नवी नाही. तेत्सुको कुरोयानागी यांच्या ‘तोत्तोचान’ या जपानी पुस्तकातील आई आपल्या मुलीला शाळेतून काढून टाकल्याचे तिला कळू देत नाही. नव्या शाळेत जाऊ या का, एवढेच विचारते, आणि खरी हकीकत मुलगी वीस वर्षांची झाल्यावर सांगते. भारतीय भाषांतील वाचकांनी त्या पुस्तकावर इतके प्रेम केले त्याचे एक कारण ही आई असावी. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक पालकांना सभेला बोलावतो तेव्हा फारच थोडे येतात. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी या अनुभवाचा पुढचा अर्थ काढला. पालक शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली पाहिजे, हा विचार त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला प्रत्यक्षात आणला. अंगणात बसलेल्या शिक्षिकेशी आई तिच्या बोलीत बोलते. बाक, दालन, पंखा, शिपाई यांचे दडपण तेथे नसते. कित्येक वाद तेथे वाद होण्याआधीच संपले असतील, आणि म्हणूनच त्यांची नोंद कोठे सापडत नाही.

वाद मिटल्यावर पालक घरी जातो, शिक्षक शिक्षकांच्या खोलीत जातो. दोघांनाही आपापल्या बाजूची माणसे भेटतात आणि धीर देतात. मुलाला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वर्गात, त्याच शिक्षकासमोर, त्याच चाळीस मुलांच्या नजरेखाली बसायचे असते. वाद कसा हाताळला हे ठरवताना तेवढा एक तास कसा गेला हे विचारावे. त्या तासाला मुलाने प्रश्न विचारण्यासाठी हात वर केला असेल, तर दोन्ही मोठ्या माणसांनी आपले काम बरे केले आहे.